आवाज थांबला की

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तुझ्या लेकीला, ठमीला यंदा पाठाला पाठवू का, एवढंच तू विचारलंस आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. रागावली असशील. पाठ मध्येच सोडला म्हणून दादा मला अजून ‘अर्धी’ म्हणून चिडवतो. अर्धीला काय विचारतेस, असंही तो म्हणाला असेल.

आपल्या प्रार्थनाघरातली रीत तुला लग्नानंतर कळली. आतल्या खोलीत मूल एकटं गुरुजींना पाठ म्हणून दाखवतं, दार लावलेलं असतं. बाहेर बायका बसतात. आतला आवाज थांबला की मूल अडलं असं समजून त्या मोठ्याने पुढच्या ओळी म्हणतात, म्हणजे त्याला आठवावं.

गेल्या महिन्यात प्रार्थनाघरातच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आयांसाठी वर्ग घेतला. मुलांना कोणता स्पर्श नको, तसं झालं तर मुलांनी घरी कसं सांगावं, असा विषय. चाव्या सांभाळणाऱ्या काकूंनी आधी आकाशपाताळ एक केलं, देवाच्या घरात हे असलं नको म्हणून. बाई शरीराच्या अवयवांची नावं सरळ घेत होत्या आणि आम्ही सगळ्या माना खाली घालून आपापल्या पिशव्यांचे बंद तपासत होतो. हसू नकोस, तूही तेच केलं असतंस. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. माझा हात वर गेला. मलाच आश्चर्य वाटलं.

मी बोलले. कुणी उठून गेलं नाही. काकू मात्र भिंतीला टेकून रडत राहिल्या, कारण माझ्या वेळी बाहेर सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सुताराला बोलावून दार काढवलं आणि त्या जुन्या गुरुजींची तसबीर स्वतः स्टुलावर चढून उतरवली.

आता तुला कळलंच असेल. मी अडले नव्हते गं. मला पाठ अगदी घडाघडा येत होता. त्यांचा हात पुढे आला की माझा आवाज थांबायचा, आणि बाहेर आपण मला मदत करतोय असं समजून आई, काकू जोरजोराने म्हणायच्या. मग माझं रडणंही कुणाला ऐकू जायचं नाही. हे दादाला तू सांग, मला त्याच्यासमोर जमायचं नाही. पण ठमीला पाठव. नवे गुरुजी त्या दार नसलेल्या खोलीत शिकवतात, आणि काज-बटणांचं काम घेऊन उंबऱ्यापाशी मी बसते. तिचा आवाज थांबला, तर मी पुढची ओळ म्हणणार नाही. उठून आत जाईन.

तुझीच,
वन्सं