ओटिस प्रुइट यांच्या पिस्तुलाबाबत

मी, लाइल स्टाउफर, वय एकोणऐंशी, निवृत्त पाइपफिटर, राहणार मॅरिएटा, ओहायो, हे माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात तपासलं, नावं ठेवली ती फक्त हृदयाला. कोणाचा दबाव नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. हे चौथ्यांदा लिहायला बसलो आहे, कारण कलम तीनपाशी आलो की मी उठून दुसरंच काही करायला लागतो. काल नळ दुरुस्त केला. तो गळत नव्हता.

कलम १. घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी डीना हिला. तळघराची चौथी पायरी सैल आहे. ती ठोकून देतो असं तिचा नवरा केव्हिन सात वर्षं म्हणतो आहे. आता घर त्याच्याच बायकोचं होणार, बघू.

कलम २. पाने, करवती आणि वेल्डिंगचा संच केव्हिनला, ते वापरण्याच्या अटीवर. मासेमारीच्या काठ्या कोणालाही द्याव्यात, माझा मेहुणा अर्ल सोडून. कारण त्याला माहीत आहे.

काडतुसं भरायचं यंत्र, शिसं वितळवायचं भांडं आणि गोळ्यांचे साचे नेमबाजीच्या क्लबला. फळीवर माझ्या हातची सहाशे-सातशे काडतुसं आहेत, त्यातलं एकही कोणी झाडू नये. क्लबात देऊन मोडून घ्यावीत. ज्याने भरलं त्यानेच झाडायचं, असा आमच्यात नियम आहे. दुसऱ्याच्या तळघरात काडतूस भरताना काय घाई झाली, कोणाचा फोन आला, हे आपल्याला कळत नाही. हा नियम माझ्यासाठी एकाच माणसाने मोडला, माझ्या जुन्या मित्राने, व्हर्नन प्रुइटने. त्याच्याकडे यंत्र नाही. दर गुरुवारी क्लबात तो माझीच काडतुसं झाडतो, अजूनही.

(इथे उठलो होतो. कॉफी केली, प्यायलो नाही.)

कलम ३. माझ्याकडचं पॉइंट पंचेचाळीस गोळीचं पिस्तूल, जे ओटिस प्रुइट यांनी सैन्यातून आल्यावर घेतलं, ते त्यांचा मुलगा व्हर्नन याला परत द्यावं. ‘परत’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

बावीस वर्षांपूर्वी राज्याच्या स्पर्धेसाठी मी व्हर्ननला दोनशे काडतुसं भरून दिली. शिसं त्या वर्षी जुन्या नळांमधलं होतं, नेहमीपेक्षा मऊ. अशी गोळी बसवण्याआधी काडतुसाच्या पितळी पुंगळीचं तोंड जरा जास्त उघडावं लागतं. मी उघडलं नाही. गोळी आत जाताना तिच्या अंगाचं शिसं तासलं गेलं आणि पुंगळीच्या तोंडाशी त्याची बारीक कडी राहिली. असं काडतूस पिस्तुलाच्या नळीत केसभर अलीकडेच अडतं, मग पिस्तूल पूर्ण मिटत नाही आणि चाप ओढला तरी काही होत नाही. ओळखायला सोपं आहे. नळी सुटी करायची आणि एकेक काडतूस तिच्यात सोडायचं. आपल्या वजनाने टक्कन आत पडलं तर ठीक. दोनशेपैकी एकही मी असं सोडून पाहिलं नाही. तीस वर्षांनंतर माझ्या बोटांनाच कळतं, असं मी क्लबात सांगत फिरत होतो.

दुपारपर्यंत व्हर्नन पहिला होता. मग पिस्तूल अडलं. त्याने हात वर केला; अडलं तर पुन्हा झाडायची मुभा मिळते, पण ती एकदाच. त्यानंतर आणखी सहा वेळा अडलं. गाडीकडे जाताना त्याने मला विचारलं, “लाइल, काडतुसांत तर काही नसेल ना?”

मी म्हणालो, “माझ्या काडतुसांत? अरे, तुझ्या बापाचं पिस्तूल म्हातारं झालंय. काढून टाक.”

त्याने ते मलाच दिलं, माझ्या होडीच्या जुन्या इंजिनाच्या बदल्यात. ओटिस तेव्हा हयात होते. मुलाला एक वस्तू सांभाळता आली नाही, एवढं बोलून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ईस्टरच्या आधी ते गेले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत मी होतो.

पिस्तूल घरी आणल्यावर आठवड्याभरात मी विकतची पन्नास काडतुसं त्यातून झाडली. एकदाही अडलं नाही. मग व्हर्ननची उरलेली अकरा नळीत सोडली. चार अडकली. नखाने खरवडलं तर शिशाची तार निघाली. ओटिस यांना जायला तेव्हा चार महिने होते. चार महिने मला सांगता आलं असतं आणि मी सांगितलं नाही. मला याची लाज वाटते. ती चार काडतुसं मी ठेवली आहेत.

हे शेवटचं पान आज सकाळच्या प्रकारानंतर लिहिलं आहे. व्हर्नन साक्षीदार म्हणून आला होता. त्याने न वाचता सही करावी आणि बाकीचं मी गेल्यावर कळावं, असा माझा बेत होता. वकीलबाई श्रीमती केंप यांनी विचारलं, साक्षीदारांपैकी कोणाला यातून काही मिळतंय का? मिळत असेल तर त्याने सही करू नये. नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, व्हर्ननला मिळतंय.

“मला? काय?”

पिस्तूल आणि त्या चारातलं एक काडतूस मी टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्याने चष्मा लावला. पुंगळीच्या कडेवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग म्हणाला, “हे तुला कळलं तेव्हा बाबा होते?”

“होते.”

त्याने पिस्तूल उचललं, रिकामं आहे ना ते सवयीने पाहिलं आणि निघाला. दारात थांबला.

“गुरुवारी नऊला येतो. काडतुसं माझी मी आणीन.”

म्हणून दुरुस्ती. कलम ३ आज पुरं झालं, त्यात देण्यासारखं काही उरलं नाही. कलम २ मधलं यंत्र, भांडं आणि साचे क्लबला देऊ नयेत, व्हर्ननला द्यावेत. त्याला आता लागतील.

लिहून देणार: लाइल स्टाउफर
साक्षीदार: १. ~~व्हर्नन प्रुइट~~ ग्रेटा लुंडी, शेजारीण
२. टॉड मेसिक, वकीलबाईंचे कारकून
मॅरिएटा, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५