एकतीस तारखेपर्यंतची साखळी

३ मार्च, सकाळी ८
संकल्प. या महिन्यात प्रोटीनची साखळी जोडून दाखवायची, थीसिस सरांच्या टेबलावर आपटायचा आणि लॅबमधून कायमचं बाहेर पडायचं. सहावं वर्ष चालू आहे. बायकोची दुसऱ्या गावी बदली झालीय, एकतीसला सामानाचा ट्रक येणार. ही विचारत होती, तुझे कपडे बांधायचे का. म्हटलं, बिनधास्त बांध.

७ मार्च
प्रोटीनच्या दोन्ही टोकांना मी गंधकाचे हुक बसवलेत. हुकात हुक अडकायचा आणि तुकड्याला तुकडा जोडत जायचा. कागदावर झकास जमतं. आज जेल, म्हणजे तुकडे आकारानुसार वेगळे करणारी ती लिबलिबीत लादी, चालवून पाहिलं. नेहमीप्रमाणे तळाला एकच रेघ, म्हणजे सगळे तुकडे सुटे. साखळी झाली असती तर वर जिन्यासारख्या रेघा दिसल्या असत्या. दोष जेलचा आहे.

१२ मार्च
एकच रेघ. दोष पाण्याचा.
टेक्निशियन काका म्हणाले, जेलमध्ये भरण्याआधी प्रोटीनमध्ये जो रंग मिसळता, त्यात ते सडक्या अंड्याच्या वासाचं औषध तुम्ही जरा जास्तच घालता. मी सांगितलं, बाकीचे एक थेंब घालतात, मी दोन. कामात कसूर नको.

१८ मार्च, दुपार
सरांनी बोलावलं. महिनाअखेर साखळी दिसली नाही तर आणखी एक वर्ष, म्हणाले. माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही हे उघड आहे. पण लॅबला खिडकी नाही. हे आज पहिल्यांदाच जाणवलं.

२४ मार्च
मास्टरस्ट्रोक. फ्रीजमधलं सगळं प्रोटीन, पाच महिन्यांची मेहनत, एकदमच त्या औषधवाल्या रंगात मिसळून उकळून ठेवलं. आता रोज नुसतं जेल भरायचं. काका काहीतरी सांगायला आले होते, हातानेच थांबवलं.

२६ मार्च
एकच रेघ.

२७ मार्च
काकांनी विचारलं, तुम्ही तुकडे कशाने जोडता? गंधकाने, म्हटलं. मग त्यांनी विचारलं, ते वासाचं औषध कशासाठी असतं? गंधकाचे जोड तोडायला, मी धडाधड सांगितलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मीच शिकवतो.
मग मी फ्रीज उघडला आणि एकेक रिकामी नळी दिव्यासमोर धरून पाहू लागलो.

२८ मार्च
एका नळीच्या तळाशी थेंबभर प्रोटीन सापडलं. औषध न घालता चालवलं. जिना दिसला. अकरा पायऱ्या, दोनदा मोजल्या. सहा वर्षं साखळी जमतच होती आणि बघायच्या आधी दर वेळी मीच ती तोडत होतो. रडू आलं. काकांनी रुमाल दिला. त्यालाही तोच वास.

२९ मार्च
सर खूश. म्हणाले, छान, आता तीनदा करून दाखव. प्रोटीन संपलंय. नवीन बनवायला पाच महिने.

३० मार्च
मुदतवाढीचा फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, साखळी जमली.

३१ मार्च, सकाळी ११
ट्रक आला. हिला सांगितलं, माझी बॅग तेवढी उतरवून घेतो, पाचच महिन्यांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, बॅग चढवलेलीच नाही.
आत जाऊन पाहिलं. घर रिकामं झालंय. माझे कपडे खुंटीवर तसेच आहेत. तिने ते बांधायला घेतलेच नव्हते.