लीच्या नावातले तीन ड्रॅगन

अल मजाज, शारजा
२० सप्टेंबर २००२

ती. दत्तादादास,

सूर्यकांतचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनींचं लोणचं पोचलं. (फोडी बरणीत, तेल माझ्या दोन शर्टांत.)

आमच्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन ली आठवतो ना? मी दर पत्रात त्याची टिंगल करायचो. तो जुलैत गेला. टेबलाशी बसल्या बसल्या, खलास. नऊ वर्षं शेजारी बसलो रे. त्याच्यामागे कुणी नाही, म्हणून वाटलं, सर्वपित्रीला तू बाबांना पाणी देशील तेव्हा त्यालाही द्यावंस. पण नाव कुठं येतंय मला? ली हे आडनाव! म्हणजे माणसाला जन्मभर 'अरे गोखले' म्हटल्यासारखं.

बापानं ठेवलेलं नाव एकच अक्षर, पण त्यात ड्रॅगनचं अक्षर तीनदा कोंबलेलं. अठ्ठेचाळीस रेघा! (शाळेत नाव लिहून होईपर्यंत पेपर संपायचा म्हणे.) कॉम्प्युटरला ते छापताच येईना, शवपेटीच्या कागदावर नुसता चौकोन उमटला. ते फार लागलं मला. मग त्याच्या ड्रॉइंगवरची सही घेऊन शुक्रवारभर चिन्यांच्या दारोदार हिंडलो. फोटोच्या दुकानातली पोरगी 'ता' म्हणाली, तेही चाचरत. तिथेच फोटो काढायला आलेला हाँगकाँगचा म्हातारा आचारी 'दाप्' म्हणाला आणि ओठ मिटून तसाच बसला. मी घाबरलो, म्हटलं हाही गेला की काय. त्याच्या मते हजार वर्षांपूर्वी सगळेच असे ओठ मिटायचे, उत्तरेकडच्यांनी आळशीपणानं तो 'प्' टाकला. पोरगी भडकली. दोघांचं जुंपलं आणि मी मध्ये हिंदीतून समजूत घालतोय! अर्थाबद्दल मात्र दोघांचं एकमत: ड्रॅगन झेपावत निघाल्याचा थाट. आमचा ली! एक मजला चढताना तीनदा बसायचा. घरी दोन्ही उच्चार मोठ्यानं म्हणून पाहिले, तर दिया म्हणाली, 'बाबा, जस्ट से मिस्टर ली.' पोरीसमोर रडलो मी.

तरी गुरुजींना विचारून योग्य उच्चार ठरव.

तुझा,
सूर्यकांत

ता. क. गोत्र विचारलं तर कश्यप सांग.

ता. क. २: बाबा गेले तेव्हा मला रजा मिळाली नाही. त्या संध्याकाळी लीनं बाल्कनीत डब्यात कागद जाळले, त्यांच्यात गेलेल्यांसाठी जाळतात तसे. त्याआधी तासभर माझ्याकडून बाबांचं नाव घोकून घेतलं. तरी 'बळवंत' काही जमलं नाही, 'पालावान'च म्हणाला. तेव्हा गुरुजींना काही विचारू नकोस. चुकलेल्या नावानं पोचत नाही म्हणाले तर? बाबांना माझ्याकडून तेवढंच गेलंय.