वेल्डिंगविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या वेल्डरची निरवानिरव

मी, काशीराम भिकाजी तांबे, वय अडुसष्ट, धंदा वेल्डिंग, राहणार पाली, तालुका रत्नागिरी, कोणाच्या धाकाविना आणि नशापाण्याविना लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. दोन हजार दोन साली नव्हते. त्याचा खुलासा कलम तीनमध्ये येईल.

एक. पालीचे चिऱ्याचे घर, परसातल्या फणसासह, पत्नी येसूबाई हिला. तसेही ते तिचेच आहे. मी तिथे जेवायला आणि ऐकून घ्यायला जात असे.

दोन. बँकेत जे निघेल ते मुलगा राजेंद्र यास. तो मुंबईत कारकून आहे. फार काही निघणार नाही. मी पुढारी झालो, पण खाणारा पुढारी होणे काही जमले नाही.

तीन. हातखंब्याच्या नाक्यावरचे दुकान, वेल्डिंगचे मशीन, ग्राइंडर, ऐरण आणि तोंडापुढे धरायच्या दोन काचा मुलगी रेणुका हिला. कारण देण्याची जरुरी नाही, असे वकील म्हणतात. मला आहे.

रेणुका माझ्याच हाताखाली वेल्डिंग शिकली. तिचा सांधा माझ्यापेक्षा सरळ. हे मी गिऱ्हाइकांना सांगत असे, तिला कधी नाही. दोन हजार दोनला मी कामगार संघटनेतर्फे पंचायत समितीला उभा राहिलो. त्याच सुमारास पालीत सरकारी प्रशिक्षण केंद्र येणार, त्यातून ‘हरित रोजगार’ मिळणार, अशी नोटीस लागली. हरित म्हटल्यावर मी समजलो, रोपे लावायची नि पाणी घालायचे. भाषणात म्हणालो, “लोखंड तापवणाऱ्या हातात झारी देतायत. ही कामगाराची थट्टा आहे.” टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला पुढचे दिसत नाही.

रेणुका म्हणाली, “बाबा, नोटिशीचं दुसरं पान वाचा.”

मी म्हणालो, “बापाला शिकवू नको.” आणि दोनशे माणसांचा मोर्चा नेला. केंद्र शेजारच्या जिल्ह्यात गेले.

केंद्र गेल्यावर मी दुसरे पान वाचले. त्यावर होते: गोबरगॅसच्या लोखंडी टाक्या वेल्डिंग करणे, सोलर बंबांचे सांगाडे बनवणे. खाली निवड झालेल्यांची यादी, पहिले नाव रेणुकाचे. स्वतःच्याच कामाविरुद्ध घोषणा देणारा वेल्डर कोकणात बहुधा मी एकटाच. निवडणुकीत डिपॉझिट गेले. मोर्चातल्यांनीसुद्धा मते दिली नाहीत, म्हणजे त्यांना अक्कल होती. रेणुका केंद्रामागोमाग कणकवलीला गेली. दोन वर्षे ती आईला फोन करते, माझे नावही काढत नाही. ते मला लागते. लागायलाच हवे.

चार. संघटनेने शोकसभा घेतल्यास ‘कामगारांसाठी झिजले’ असे कोणी म्हणू नये. कलम तीन मोठ्याने वाचावे. सोबत चहा द्यावा, म्हणजे माणसे शेवटपर्यंत बसतील.

पाच. मिरकरवाड्याचा नझीर, चाळीस वर्षांचा दोस्त, साक्षीदार असल्याने त्याला काही देता येत नाही. तो सुटला.

इथवर लिहून झाले आणि नझीरने सहीसाठी घेतलेले पेन खाली ठेवले. म्हणाला, “काशीराम, माफी मागायला मरायची वाट कशाला बघतोस? आधी पोरीला फोन कर. मग सही करतो.”

नाक्यावरच्या बूथवरून फोन लावला. मनात जुळवलेले सगळे विसरलो. एवढेच म्हणालो, “रेणू, मी दुसरं पान वाचलं. दुकान तुला लिहून ठेवलंय.”

ती म्हणाली, “दुकान मेल्यावर द्या, बाबा. आधी मोर्चा काढा. केंद्र परत मागायला. मी येते, पुढे चालते.”

सहा. सबब, वरील सर्व कलमे मोर्चानंतर अमलात यावीत. मोर्चा येत्या सोमवारी आहे. केंद्र मिळेपर्यंत असे किती सोमवार लागतील ते सांगता येत नाही. तोवर मरायला मला सवड नाही.

ठिकाण: हातखंबा
दिनांक: २० नोव्हेंबर २००४

सही: काशीराम भिकाजी तांबे, तूर्त हयात

साक्षीदार:
१. नझीर इब्राहिम मुकादम, मिरकरवाडा (फोन झाल्यावर सही केली)
२. सखाराम गोविंद मोहिते, निवृत्त शिक्षक, पाली (सोमवारी येतो)