थोरल्याची पाठ आणि माझी मालमत्ता

मी, गादीवाली आजी, वय पंचाहत्तरच्या पुढे, धंदा गाद्या भरणे, अक्षरओळख नाही, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्या हाडांच्या डॉक्टर. माझ्या डोक्याबद्दल त्यांचा शब्द इथे चालला. माझ्या थोरल्याच्या हाडांबद्दल मात्र त्यांचाच शब्द पेन्शन कचेरीत चालत नाही, कारण तिथे त्या ‘खाजगी’.

दस्तलेखक म्हणाले, “आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही.”

मी म्हटले, “बसवा. जन्मभर कापूस बसवलाय मी. दाबला की बसतो.”

१. राहते घर थोरल्याला. तो सैन्यात होता. पेट्या उतरवताना ट्रकवरून पडला, मणका दुखावला. गोळ्या देऊन त्याला पुन्हा ट्रकवर चढवले. पडल्याची नोंद त्यांच्याच कागदांत आहे. आज त्याला आडवे होता येत नाही. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतो. आणि आई गावभर गाद्या पुरवते! डोके टेकून टेकून भिंतीवर डाग पडला आहे. घराला रंग द्याल तेव्हा तो डाग तसाच ठेवावा. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारले पाहिजे.

२. बँकेतली सगळी शिल्लक थोरल्याच्या अपिलासाठी. माझ्या नावाचे बाकडे-बिकडे बसवण्यात ती उडवू नये. अपील का, तेही लिहा. नोकरी सुटताना तपासणीला समोर गणवेशातला डॉक्टर. “काही त्रास?” आमचे रत्न टाचा जुळवून म्हणाले, “काही नाही, साहेब!” पुढे पेन्शनच्या तपासणीलाही तेच, म्हणून पेन्शन नामंजूर. बाहेर आल्यावर त्याला गाडीत बसवायला आम्ही दोघी लागलो, मी आणि सून.

डॉक्टरीणबाईंकडे कोणी साहेब नव्हता. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारले, “भाऊ, तुम्ही झोपता कसे?” एवढ्यावर हा ढसाढसा रडला. बाईंनी सैन्यातले जुने कागद मागवले, एक्स-रे काढला आणि कारणांसकट लिहून दिले, की दुखणे त्या पडण्याचेच.

कचेरीतला साहेब तो अहवाल न उघडताच म्हणाला, “आजी, पैसे दिले की खाजगी डॉक्टर काहीही लिहितात.”

“तुमच्या डॉक्टरलाही पगार मिळतो ना, साहेब? का तो फुकट लिहितो?”

त्याला ठसका लागला. त्या ठसक्याला मात्र खाजगी डॉक्टर चालला असता.

३. दुकान, कात्री, दाभणे आणि कापसाची राहिलेली पोती सुनेला. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे. जिवंतपणी सांगितले नाही, डोक्यावर बसली असती.

४. दुकानामागची खोली धाकट्याला. पण “दादा सोंग करतो” असे तो चारचौघांत म्हणाला आहे, म्हणून त्याने आधी भावाशेजारी भिंतीला टेकून एक रात्र काढावी. सकाळी ताठ उठला तर सुनेने किल्ली द्यावी. कण्हत उठला, तर आधी भावाची माफी, मग किल्ली.

५. अपिलाच्या सुनावणीला सून थोरल्यासोबत जाईल. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन बोलणार आहेत. पण बाईंनी कितीही सांगितले आणि थोरल्या, तू पुन्हा “काही नाही, साहेब” म्हणालास, तर सगळे पाण्यात. म्हणून हे तुला. विनंती तुला कळत नाही, तेव्हा हुकूम समज. कोणी विचारले की टाचा जुळवायच्या नाहीत. दुखते तिथे हात ठेवायचा आणि म्हणायचे, “दुखतं.” गणवेशाची लाज तू पुष्कळ राखलीस. गणवेशाने तुझ्या पाठीची राखली का?

आणि सुनावणीच्या दिवशीच मी मेले, तर मला चादरीने झाकून, दाराला कडी घालून सगळ्यांनी कचेरीत जावे. मला संध्याकाळी उचलले तरी चालेल. तारीख हुकली तर ते लोक पुढची देताना वर्ष घालवतील. मला कसली घाई?

मजकूर वाचून दाखवला. साहेबाला घातलेली एक शिवी दस्तलेखकांनी गाळली आहे. तेवढी त्यांना माफ. बाकी शब्दन् शब्द माझा.

निशाणी : गादीवाल्या आजीचा डावा अंगठा
साक्षीदार : १. हाडांच्या डॉक्टरीणबाई (सही) २. शेजारचा शिंपी (सही)
लिहिणार : दस्तलेखक (सही)
स्थळ : गादीचे दुकान
दिनांक : ११ फेब्रुवारी, सुनावणीच्या आदल्या आठवड्यात