पान एकसष्टच्या तळाशी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा आयुष्यभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. डोळे अधू झालेत, गुडघे कामातून गेलेत, पण राग शाबूत आहे आणि तो मला कोणी शिकवलेला नाही. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, माझ्या मर्जीने लिहीत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी शांत असताना लिहिले होते.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे जिन्याच्या टोकाच्या दोन खोल्या, माझ्या मुलीला. ती दर रविवारी येते, मला वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि त्यातल्या चुकांवर मी बोंबललो तर मध्ये बोलत नाही. जावईबापूंनी मोरीचा नळ खुशाल बदलावा. सहा वर्षे त्याच नळाबद्दल बोलताहेत.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते मुलगा आणि मुलगी यांना सारखे. यात कोणी डोके लावू नये.

कलम तिसरे. माझी जुळणीची पट्टी, चिमटा आणि भिंग आमच्या बाइंडरला. चौतीस वर्षे आम्ही एका छपराखाली काम केले. त्याला या वस्तूंचा आता उपयोग नाही, पण तो त्या भिंतीवर टांगणार नाही एवढी खात्री आहे. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात खिळ्यांचे खण भिंतीला ठोकून त्यात कागदी फुले खोचली आहेत. त्यांच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत, मास्तरांचे वाक्य. म्हणजे मास्तरांचे अर्धे वाक्य. तिथे मी एकदाच गेलो आणि कॉफी न पिता परत आलो.

कलम चौथे, मास्तरांविषयी. हे मृत्युपत्र ज्या कारकुनाच्या हाती पडेल त्याने मास्तरांवर निघालेला तो चित्रपट पाहिलेला असणार, म्हणून खुलासा करतो. मास्तर म्हणजे नदीकाठी बसून गालात हसणारा, पांढऱ्या दाढीचा तो म्हातारा नव्हे. मास्तरांना दाढी नव्हती. नदीकाठच्या वाऱ्याने त्यांना सर्दी व्हायची. ते कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत आणि क्वचित हसत, तेही समोरच्याच्या म्हणण्यात भोक सापडले की. आयुष्यात त्यांनी एकच पुस्तक लिहिले, एकशे बारा पानांचे. त्यातले अक्षर न् अक्षर मी जुळवले आहे. दुसऱ्याला समाधानाचे धडे देणाऱ्यांच्या विरुद्ध ते पुस्तक आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्यातले ते वाक्य असे:

“जे हातात मावत नाही ते सोडून द्या, असे सांगणाऱ्याचे हात आधी बघा, बहुधा ते तुमच्याच वस्तूंनी भरलेले असतात.”

यातले ‘सोडून द्या’पर्यंतचे सात शब्द पान एकसष्टच्या तळाशी आहेत. बाकीचे पान बासष्टवर. मास्तर गेल्यावर कोणा शहाण्याने पान एकसष्टचा फोटो काढून फोनवर पाठवला, आणि मग काय, सगळ्यांनाच ज्ञान झाले. कपांवर तेच, उशांच्या अभ्र्यांवर तेच. व्यासपीठावर फेऱ्या मारत, कानाला माइक लावून लोकांना सुखी करणारा एक इसम आहे, तो दर भाषणाचा शेवट त्याच सात शब्दांनी करतो आणि टाळ्या घेतो. मी त्याला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्याला उत्तर आले: “काका, मनातला राग सोडून द्या.” ते पत्र बाइंडरने माझ्या हातातून काढून घेतले, नाहीतर मी ते चावून खाल्ले असते.

माझ्या नातीने मला तसला एक कप वाढदिवसाला दिला. तिने प्रेमाने दिला, म्हणून फोडला नाही. त्यात मी पेन्सिली ठेवतो, वाक्य भिंतीकडे करून. तो कप तिने परत न्यावा. तिच्यावर माझा राग नाही.

कलम पाचवे. चित्रपटवाल्यांना दुसरा भाग काढायचा आहे आणि मास्तरांनी आपल्या हाताने तपासलेली प्रुफे त्यांना पडद्यावर दाखवायची आहेत. ती माझ्याकडे आहेत, कपाटात खालच्या खणात, निळ्या फडक्यात बांधलेली. ती त्यांना कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. मुलीने भिडेखातर सुद्धा देऊ नयेत. ती कोणाला द्यायची ते पुढच्या कलमात आहे, आणि ते कलम लिहायला मला चार दिवस लागले आहेत.

कलम सहावे, माझ्या मुलाबद्दल. तो सूतगिरणीत बावीस वर्षे होता. गिरणीने दोनशे माणसे घरी बसवली तेव्हा प्रत्येकाला जाड कागदावर पत्र दिले, आणि पत्राच्या डोक्यावर, नक्षीच्या चौकटीत, ते सात शब्द छापले होते. खाली मास्तरांचे नाव. पोरगा तसाच जिना चढून आला आणि पत्र माझ्या ताटाशेजारी टाकले.

“बाबा, हे तुम्हीच छापलं होतं ना?”

मी म्हणालो, “अरे, ते अर्धंच आहे.”

“माझी नोकरी तर पूर्ण गेली. आयुष्यभर तुम्ही या माणसाचं कौतुक सांगितलंत मला. जेवताना, झोपताना. हाच ना तो?”

प्रुफांचे कपाट माझ्यापासून दोन हातांवर होते; पुस्तकाची छापील प्रत घरात उरली नव्हती. उठून पान बासष्ट त्याच्यापुढे धरले असते तर काम झाले असते. मी उठलो नाही. वर त्याच्यावरच ओरडलो, की न वाचता बोलू नकोस. तो गेला. सहा वर्षे झाली, तो हा जिना चढलेला नाही. माझी खुशाली तो बहिणीला विचारतो.

का उठलो नाही, ते आता लिहितो. प्रुफात मास्तरांनी त्या जागी लाल पेन्सिलीने खूण केली होती. म्हणाले, “अहो, हे वाक्य इथे तुटतंय. एक ओळ पुढच्या पानावर ढकला ना, सगळं एकत्र राहील.” पण सोळा पानांचे खिळे छपाईच्या लोखंडी चौकटीत आवळून झाले होते. एक ओळ हलवायची म्हणजे सगळी पाने सोडायची आणि पुन्हा जुळवायची, दीड दिवसाचे काम. शिवाय पानाच्या तळाशी एक ओळ कमी पडली तर ती जागा पडक्या दातासारखी दिसते, आणि माझ्या पानांच्या तळरेषेचा मला भारी गर्व होता. मी म्हणालो, “मास्तर, वाचणारा पान उलटतोच की.” त्यांनी माझ्याकडे बघितले. वाद घालायचा तर त्यांचा धंदाच होता, पण त्या दिवशी घातला नाही. “तुम्हाला यातलं जास्त कळतं,” म्हणाले, आणि खुणेवर काट मारली.

ती खूण आणि ती काट, दोन्ही त्या प्रुफावर आहेत. पोरा, तुला ती प्रुफे दाखवली असती तर हेही दिसले असते. म्हणून मी कपवाल्यांना शिव्या घातल्या, चित्रपटवाल्यांना घातल्या, गिरणीवाल्यांना घातल्या. त्या त्यांना घालायलाच हव्या होत्या आणि त्यातली एकही मी मागे घेत नाही. पण आधी एक शिवी माझ्या नावावर लागते, आणि ती मी सहा वर्षे चुकवली.

म्हणून, पोरा, प्रुफे तुला. ती विकू नकोस, कोणाला दाखवायची की नाही ते तू ठरव. मास्तर तुझ्या बाजूचे होते. तुझ्या हातात पत्र देणाऱ्याचे हात बघायला सांगणारा तो माणूस होता, आणि तुझ्यापर्यंत ते पोचले नाही ते माझ्या आळसाने आणि माझ्या तोऱ्याने. मला माफ कर असे मृत्युपत्रात लिहिता येते का, हे वकिलांना विचारले. ते म्हणाले, कायद्याने त्याला अर्थ नाही. तरी लिहितो.

कलम सातवे. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच आणि तिथे कोणी ते सात शब्द उच्चारले, तर बाइंडरने उभे राहून त्याला पूर्ण वाक्य म्हणायला लावावे. त्याने तसे कबूल केले आहे.

या मृत्युपत्राची पाने चार. एकाही पानाच्या तळाशी वाक्य तुटलेले नाही. त्यासाठी तिसरे पान मी दोनदा पुन्हा लिहिले आणि त्याच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या सुटल्या आहेत. वाईट दिसते. राहू दे.

स्थळ: माझे घर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: मास्तर गेल्याला आज एकोणीस वर्षे झाली, तो दिवस.

(सही) मृत्युपत्र करणारा, जुळारी

आमच्यासमोर त्यांनी सर्व पाने मोठ्याने वाचली व सही केली:

साक्षीदार १. (सही) बाइंडर
साक्षीदार २. (सही) खालच्या औषधांच्या दुकानातल्या बाई. सहावे कलम वाचताना ते थांबले, म्हणून तेवढे कलम मी वाचले. मुलाला आजच फोन करा असे मी त्यांना सांगितले आहे. नंबर त्यांना पाठ आहे.