भिंतीकडे तोंड करून

प्रिय अप्पा,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं. सवयीनं लिहिलंय, तेवढंच समजा.

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवताना आमची सई तीनदा पानावरून उठली, तेव्हा काका सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा असता तर ही पोरगी चार दिवसांत सरळ केली असती." सगळे हसले. मी त्यांना आणखी खीर वाढली. पाहुणे गेले, भांडी आवरली, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यांना काही बोलले नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

सरळ कसं करायचात, ते काकांना कुठे माहीत आहे!

केबिन रोडच्या मागची आपली ती एक खोली. तुम्हाला पहाटे पाचला उठायचं असायचं, म्हणून नऊला दिवा बंद. आणि मला झोप यायची नाही. पाय हलायचे, पांघरूण उडायचं, मध्येच काहीतरी आठवून मी बोलायचे. "नीट झोपता येत नाही ना? मग उभी राहा. भिंतीकडे तोंड करून!" किती वेळ, ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. तुम्ही घोरायला लागलात की आई मला हळूच ओढून कुशीत घ्यायची. एकदा तिनं घाई केली, तर तुम्ही तिलाही माझ्या शेजारी उभं केलंत. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं हात छातीशी धरले होते. आठवतं का हो तुम्हाला?

सई माझ्यावर गेलीय. आठ वर्षांची झाली, पण झोपायची वेळ झाली की तिला दुप्पट जोर येतो. पलंगावरून उड्या, पडद्याला लोंबकळणं, शंभर प्रश्न. तुम्ही शेवटचं वर्ष आमच्याकडे होतात, तेव्हा सोफ्यावरून सांगायचात, "दोन ठेवून दे, गप झोपेल." मी ठेवून दिल्या, अप्पा. तुमच्यादेखत. ती झोपली नाही, नुसती रडली. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.

तुम्ही गेल्यावर तरी मी शहाणी व्हायला हवं होतं. पण एकदा हे सेकंड शिफ्टला गेलेले, सकाळी सईची परीक्षा, आणि खालच्या भाभी वर येऊन ऐकवून गेल्या, "रोज का हो गया है, हमारे यहाँ पंखा हिलता है!" मी दार लावलं आणि ओरडले, "नीट झोपता येत नाही ना? मग उभी राहा. भिंतीकडे तोंड करून!"

तुमचंच वाक्य. शब्दसुद्धा बदलला नाही.

ती उभी राहिली. टाचा वर-खाली होत होत्या. थोड्या वेळानं भिंतीलाच म्हणाली, "आई, मी थांबवतेय गं, पण ते थांबतच नाही."

तिशी उलटली, तरी हे वाक्य मला तुम्हाला सांगता आलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी तिला शाळेत सोडलं, रजा टाकली आणि मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तीन-चार भेटींनंतर त्या म्हणाल्या, एडीएचडी आहे, लक्ष आणि हालचाल तिला ठरवूनही आवरता येत नाही. हा हट्ट नाही, लाड नाहीत. मग विचारलं, "घरात आणखी कुणी असं होतं?" मी म्हटलं, "मी." आणि मग तुम्ही आठवलात. जेवताना सतत हलणारा पाय, अर्ध्यावर टाकलेली कामं, रांगेत दोन मिनिटं उभं राहायचं म्हटलं की होणारी चिडचिड. तुम्हाला कुणी उभं केलं होतं, अप्पा? एकदा तरी सांगायचंत!

आता आमचा रोजचा क्रम ठरलाय. जेवण झालं की टीव्ही, मोबाइल बंद. ती सकाळच्या पोळ्यांसाठी कणीक मळून देते, जोर लावून. मग आंघोळ, लहान दिवा, जड गोधडी, एकच गोष्ट, आणि मी तिची पाठ दाबत बसते. कधी वीस मिनिटं लागतात, कधी सव्वा तास. कधी मीही वैतागते, पण तेव्हा बाल्कनीत जाऊन येते. इतकंच लागत होतं हो. एक माणूस शेजारी बसायला.

परवा पाठ दाबताना तिनं विचारलं, "आई, तू लहानपणी कशी झोपायचीस?"

"पटकन," मी म्हटलं.

"मग मीच अशी वाईट आहे का?"

बघा, अप्पा! तुमचं नाव राखायला मी खोटं बोलले आणि त्याची शिक्षा तिला झाली. मी नाही म्हटलं, जवळ घेतलं, पण खरं तेव्हाही सांगितलं नाही.

उद्या सांगणार आहे. खोली, भिंत, आई, सगळं. आणि मी तिच्यासारखीच होते, हेही. तुमचा फोटो हॉलमध्येच राहील, हार बदलेन. पण तुमची बाजू घेऊन माझ्या मुलीशी पुन्हा खोटं बोलणार नाही. एवढा शब्द देते.

तुमची मुलगी,
वैशाली